बदलत्या नकाशाचा साक्षी : चिंतामणराव देशमुख

डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीत भरलेल्या दरबारात पंचम जॉर्ज बादशहांनी हिंदुस्थानची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलवीत असल्याची घोषणा केली, आणि शाळांमधील भूगोलाच्या पुस्तकातले एक उत्तर एका दिवसात जुने झाले. त्यानंतर काही महिन्यांनी, १९१२ साली, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत कुलाबा जिल्ह्यातील एक मुलगा पहिला आला. संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली. त्या मुलाचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. देशाच्या नकाशावरील नावे आणि रेषा बदलतात, त्या माणसे बदलतात, आणि त्या बदलांची किंमतही माणसांनाच मोजावी लागते, हा धडा पुढील सत्तर वर्षांत त्यांच्याइतका जवळून फार थोड्यांनी अनुभवला असेल.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवरील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते. आईचे नाव भागीरथीबाई. ज्या किल्ल्याच्या पायथ्याच्या मुलखात हे मूल जन्मले तो रायगड १६७४ साली शिवरायांच्या राज्याभिषेकाने स्वराज्याची राजधानी म्हणून जगासमोर आला होता. दोन शतकांनंतर त्या राजधानीचे भग्न चौथरे उरले होते आणि तो परिसर मुंबई इलाख्यातील एक साधा कोपरा झाला होता. कुंडलिकेच्या काठच्या रोह्यात त्यांचे बालपण आणि प्रारंभीचे शिक्षण झाले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात आणि एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले.

त्या काळचा मुंबई इलाखा आजच्या विद्यार्थ्याला नकाशात शोधूनही सापडणार नाही. उत्तरेला सिंध, मध्ये गुजरातचा काही भाग, कोकण, खानदेश व देश, दक्षिणेला धारवाड आणि कारवार असा त्याचा पसारा होता. समुद्रापलीकडचे एडन बंदरही त्याच्याच कारभारात होते. सिंधी, गुजराती, मराठी आणि कन्नड बोलणारे लोक एकाच गव्हर्नरच्या अमलाखाली होते. कोठे एखादी लढाई जिंकली, कोठे एखाद्या राजाचा मुलूख खालसा झाला, की तो तुकडा जवळच्या इलाख्याला जोडला जाई. तेथील लोकांची भाषा कोणती, त्यांचा व्यवहार कोणत्या बाजारपेठेशी, हे प्रश्न त्या जोडणीत गौण होते. रोह्याचा शेतकरी आणि लारकान्याचा शेतकरी एका प्रांताचे प्रजाजन होते, आणि नागपूरचा मराठी विणकर मात्र दुसऱ्या प्रांताचा.

पुढील शिक्षणासाठी चिंतामणराव इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञान घेतले. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९१७ मध्ये ते पदवीधर झाले आणि वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना लाभले. संस्कृतच्या शिष्यवृत्तीवर पुढे आलेला हा तरुण आता माती, खडक आणि झाडे यांचे शास्त्र शिकून बसला होता. पुढील वर्षी, १९१८ मध्ये, लंडनमध्ये झालेल्या आय.सी.एस.च्या परीक्षेत तो पहिला आला. तेव्हा ही परीक्षा केवळ लंडनमध्येच होत असे.

नेमणूक मिळाली ती मध्य प्रांत व वऱ्हाड येथे. आपला जन्मप्रांत सोडून एका सर्वस्वी निराळ्या प्रांतात चिंतामणरावांची वीस वर्षे गेली. या प्रांताची राजधानी होती नागपूर. पश्चिमेस कापसाचा काळा वऱ्हाड, त्यालगत नागपूर-भंडारा-चांद्याचा मराठी मुलूख, उत्तरेस नर्मदेच्या खोऱ्यातील हिंदी भाषक जिल्हे, पूर्वेस भाताच्या बांध्यांचा छत्तीसगड आणि मधूनमधून सातपुड्याच्या रांगांतील गोंड, कोरकू वस्त्या, असा तो प्रांत होता. साहाय्यक आयुक्त, सचिवालयातील अवर सचिव, उपायुक्त, जमाबंदी अधिकारी अशा पायऱ्या ते चढत गेले. यांपैकी जमाबंदीचे काम हे देश शिकण्याची खरी शाळा होय. जमाबंदी अधिकाऱ्याला गावोगाव हिंडावे लागे. कोणती जमीन किती कसाची, पाणी कोठून येते, बाजार किती कोसांवर आहे, मागील खेपेपासून कुळांची स्थिती सुधारली की खालावली, हे पाहून त्या गावाचा सारा ठरवावा लागे. आकडा चुकला तर वर्षानुवर्षे त्याचा भार कुणब्याच्या डोक्यावर बसे. कागदावरील नकाशा आणि पायाखालची जमीन यांचा मेळ घालण्याची ही तालीम पुढे अर्थमंत्र्याच्या खुर्चीतही त्यांच्या कामी आली.

याच प्रांतात, नागपूरच्या ईशान्येस, रामटेक आहे. कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. चिंतामणरावांनी मेघदूताचा मराठीत अनुवाद केला, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या काव्याचा पूर्वार्ध हा भारताच्या भूगोलाचा केवढा सुंदर पाठ आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. यक्ष मेघाला वाट सांगतो : आम्रकूट पर्वत, विंध्याच्या पायथ्याशी फुटलेली रेवा म्हणजे नर्मदा, दशार्ण देशाची राजधानी विदिशा, वाट थोडी वाकडी करून उज्जयिनी, मग चर्मण्वती म्हणजे चंबळ, कुरुक्षेत्र, कनखल आणि शेवटी कैलासाच्या कुशीतील अलका. आजच्या नकाशावर ही वाट आखली तर ती महाराष्ट्रातून निघून मध्य प्रदेश, हरियाणा, उत्तराखंड असे करीत हिमालयात जाते, आणि दिल्लीच्या उत्तरेकडून जाते. भूगर्भशास्त्र शिकलेल्या आणि बैलगाडीच्या वाटांवर वीस वर्षे काढलेल्या अनुवादकाला या नद्या नि हे डोंगर केवळ कविकल्पना वाटले नसणार.

१९३१ मध्ये लंडनला भरलेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात त्यांनी काम केले. पुढे ते प्रांताचे महसूल सचिव आणि नंतर अर्थसचिव झाले. १९३५ च्या कायद्यानुसार केंद्र आणि प्रांत यांच्यात उत्पन्नाची वाटणी कशी व्हावी, हे ठरविण्यासाठी सर ऑटो निमायर यांची चौकशी नेमली गेली, तेव्हा मध्य प्रांताची बाजू मांडणारे निवेदन चिंतामणरावांनी तयार केले आणि त्याची वाखाणणी झाली. प्रांताच्या सीमा म्हणजे तिजोरीच्याही सीमा असतात. कोणता कर कोणाच्या पदरात पडतो, यावर शाळा, दवाखाने आणि रस्ते अवलंबून असतात. नकाशा पाठ करणाऱ्याला ही गोष्ट दिसत नाही. अर्थसचिवाला ती दररोज दिसते.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. सचिव, डेप्युटी गव्हर्नर आणि ११ ऑगस्ट १९४३ पासून गव्हर्नर. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे ज्या परिषदेत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घातला गेला, तिला भारताच्या शिष्टमंडळातून ते उपस्थित होते. आणि मग १९४७ आले. पंजाब व बंगाल यांच्या छातीवरून नवी रेषा ओढली गेली. त्या रेषेने माणसांची ताटातूट केली हे सर्वांना माहीत आहे. तिने रोकड, नाणी, नोटा आणि कर्जे यांचीही ताटातूट केली, हे रिझर्व्ह बँकेच्या दप्तरातून दिसते. जून १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँक हीच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. देश दोन, सरकारे दोन, आणि चलनाचा कारभार एक, अशा विलक्षण स्थितीत गव्हर्नराचे काम त्यांनी केले. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

फाळणीने आणखी एक गुंता निर्माण केला होता. पश्चिम पंजाब, पूर्व बंगाल, सिंध आणि सरहद्द प्रांत गेल्यावर प्राप्तिकरातील प्रांतांच्या जुन्या वाट्यांना अर्थ उरला नाही. उरलेल्या प्रांतांत ती रक्कम कशी वाटावी, हे ठरविण्याचे काम चिंतामणरावांकडे आले. त्यांनी दिलेला निवाडा देशमुख निवाडा म्हणून ओळखला जातो. पहिल्या वित्त आयोगाच्या शिफारशी येईपर्यंत त्यानुसार वाटप चालले. स्वतः मुंबई इलाख्यात जन्मलेल्या आणि मध्य प्रांतात सेवा केलेल्या माणसाच्या हाती सर्व राज्यांचे माप देण्यात आले, ही गोष्ट त्यांच्या निःपक्षपाताविषयी पुरेसे बोलते.

१९५० साली चिंतामणराव दिल्लीकर झाले. प्रथम नियोजन मंडळाचे सदस्य आणि त्याच वर्षी भारताचे अर्थमंत्री. त्या वर्षीचा भारताचा राजकीय नकाशा पाठ करणे आजच्याहून कठीण होते. राज्यघटनेने राज्यांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग पाडले होते. जुने ब्रिटिश प्रांत अ वर्गात. हैदराबाद, म्हैसूर, सौराष्ट्र, मध्य भारत, पेप्सू अशी संस्थाने वा संस्थानांचे संघ ब वर्गात. अजमेर, कूर्ग, कच्छ यांसारखी लहान राज्ये क वर्गात. आणि अंदमान-निकोबार ड वर्गात. खुद्द दिल्ली तेव्हा क वर्गातील राज्य होती. ही सर्व राज्ये एका अर्थव्यवस्थेत बांधायची होती. कित्येक संस्थानांची स्वतंत्र जकात, स्वतंत्र करपद्धती होती. ती मोडून एकच आर्थिक चौकट उभी करण्याचे अवघड काम या वर्षांत पार पडले.

देश कसा आहे, हे आधी नीट जाणून घेतले पाहिजे, अशी चिंतामणरावांची धारणा त्यांच्या कामांतून दिसते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते १९४५ पासून जवळजवळ वीस वर्षे अध्यक्ष होते. त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळातच, १९५० मध्ये, राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. शास्त्रीय पद्धतीने निवडलेल्या गावांत पाहणी करणारे कर्मचारी जाऊ लागले. घरोघर धान्य किती येते, कापड किती लागते, रोजगार किती दिवस मिळतो, याची नोंद होऊ लागली. नकाशावर ठिपका असलेल्या गावाला त्यामुळे स्वतःचे बोलणे मिळाले. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची भारतीय स्टेट बँक झाली. पाच वर्षांत नव्या ४०० शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर होते, आणि तोवर जेथे बँक पोहोचली नव्हती अशा लहान गावांकडे तिचे तोंड वळले.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आपल्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. पुढील वर्षी, २२ जानेवारी १९५३ रोजी, त्यांचा दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. पहिल्या पत्नी रोझिना यांचे १९४९ मध्ये निधन झाले होते. दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या, स्वातंत्र्यसैनिक, वकील, घटना समितीच्या सदस्य आणि आंध्र महिला सभेच्या संस्थापक. लहान वयातच त्यांनी आपल्या गावी मुलींसाठी हिंदीची पाठशाळा काढली होती. विवाहाच्या वेळी साक्षीदारांमध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू होते. दिल्लीच्या एका घरात असे कोकण आणि गोदावरीचे खोरे एकत्र आले.

दोघांच्याही मातृभाषांचा प्रश्न त्या वर्षांत ऐरणीवर होता. डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलू यांनी तेलुगू राज्यासाठी उपोषण करून प्राण दिला. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य निघाले. पण मद्रास शहर त्याच्या वाट्याला आले नाही आणि राजधानी कर्नूलला झाली. डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. सप्टेंबर १९५५ च्या अखेरीस त्याचा अहवाल आला. तेलुगू लोकांचे बहुतांश भाग एकत्र येण्याची वाट त्यातून मोकळी झाली. मराठी लोकांना मात्र गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ, अशी शिफारस पदरी पडली. महाराष्ट्रात असंतोष उसळला. नोव्हेंबर १९५५ मध्ये मुंबईत गोळीबार झाला.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून सरकारचा निर्णय जाहीर केला. महाराष्ट्र व गुजरात वेगळे होणार होते. पण मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहणार होते. मुंबईत पुन्हा रक्त सांडले. त्याच आठवड्यात, १९ जानेवारीला, अर्थमंत्री देशमुख यांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण आकाशवाणीवरूनच जाहीर केले. २४५ विमा कंपन्या आणि संस्था सरकारच्या ताब्यात येणार होत्या आणि त्यातून पुढे आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. एकाच आठवड्यातील या दोन घोषणांमध्ये चिंतामणरावांची सारी कोंडी सामावलेली आहे. देशासाठी ते एक मोठे काम पूर्ण करीत होते, आणि ज्या मंत्रिमंडळाच्या वतीने ते करीत होते त्याच मंत्रिमंडळाचा निर्णय आपल्या मतदारांवर अन्याय करणारा आहे, असे त्यांचे मन सांगत होते. जानेवारीतच त्यांनी पद सोडण्याची तयारी दाखवली. अर्थसंकल्प समोर होता, दुसरी पंचवार्षिक योजना दारात उभी होती. काही महिने ते थांबले. निर्णय बदलला नाही.

जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत आपली भूमिका मांडली. त्यांचे दोन मुख्य आक्षेप होते. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार होऊन झालेला नाही, हा एक. आणि गोळीबारात एवढी माणसे मारली गेली असताना न्यायालयीन चौकशी नाकारण्यात आली, हा दुसरा. पंतप्रधानांना हे आक्षेप मान्य नव्हते आणि तसे त्यांनीही सांगितले. विवाहाच्या वेळी साक्षीदार असलेल्या नेत्याशी जाहीर मतभेद पत्करणे चिंतामणरावांना सोपे गेले नसेल. महाराष्ट्रात त्यांचा जयजयकार झाला. तरीही त्या लाटेवर स्वार होऊन कोणत्याही आघाडीचे पुढारपण त्यांनी घेतले नाही.

पुढील घटना सर्वपरिचित आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भारतात १४ राज्ये आणि ६ केंद्रशासित प्रदेश अस्तित्वात आले. मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य झाले. मुंबई त्याची राजधानी राहिली. शंभरांवर हुतात्म्यांच्या बलिदानानंतर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र आणि त्याच दिवशी गुजरात जन्मास आले. मुंबईचा हुतात्मा चौक ही या नकाशाची खरी तळटीप आहे. पाठ्यपुस्तकात महाराष्ट्र आणि त्यापुढे मुंबई असे दोन शब्द असतात. त्या दोहोंमधील मोकळ्या जागेत ही सारी वर्षे आहेत.

चिंतामणरावांच्या आयुष्यातील यापुढचा भाग मात्र पुरेसा सांगितला जात नाही. पद सोडलेला हा मराठी माणूस दिल्ली सोडून गेला नाही. ज्या केंद्र सरकारशी मतभेद झाले होते त्याच सरकारच्या विनंतीवरून त्यांनी १९५६ मध्येच विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले. आसामपासून केरळपर्यंतच्या विद्यापीठांची ग्रंथालये, प्रयोगशाळा, वसतिगृहे आणि अध्यापकांचे वेतन हे आता त्यांचे विषय झाले. तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम देशभर रुजू लागला तो याच काळात. मुंबईच्या प्रश्नावर झालेला अन्याय त्यांनी इतर कोणत्याही प्रदेशाच्या हिशेबात धरला नाही. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६२ मध्येच या विद्यापीठात पत्रद्वारा शिक्षणाची व्यवस्था सुरू झाली, आणि नोकरी करणाऱ्या वा कॉलेजात जाऊ न शकणाऱ्या कित्येकांना पदवीचे दार उघडले. लोदी उद्यानाला लागून, जोसेफ स्टाईन यांनी रचलेल्या इमारतीत १९६२ मध्ये सुरू झालेले इंडिया इंटरनॅशनल सेंटर हे त्यांचे दिल्लीला मोठे देणे. ते त्याचे संस्थापक अध्यक्ष होते. प्रांत, पक्ष आणि देश यांच्या रेषा ओलांडून माणसांनी एकत्र बसावे आणि बोलावे, अशी ती जागा. दुर्गाबाईंनीही याच दिल्लीत केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष म्हणून आणि पुढे सामाजिक विकास परिषदेच्या द्वारे मोठे काम उभारले. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत चिंतामणराव उमेदवार होते. त्यात त्यांना यश आले नाही. १९७५ मध्ये पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण देऊन गौरवण्यात आले. संस्कृतची ओढ अखेरपर्यंत टिकली. त्यांनी स्वतः संस्कृतात काव्यरचना केली आणि ती प्रसिद्धही झाली. बागकामाची आवडही तशीच टिकली.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हैदराबादेत, दुर्गाबाईंच्या आंध्रात काढली. १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी चिंतामणरावांचे तेथेच निधन झाले. त्याच सुमारास त्यांच्या जन्मजिल्ह्याचे नावही बदलले होते. १९८१ मध्ये कुलाबा जिल्हा रायगड जिल्हा झाला. ज्या गडाच्या पायथ्याशी ते जन्मले त्याचेच नाव जिल्ह्याने घेतले.

दिल्ली आणि तिच्या आसपासच्या मराठी घरांतील मुले आज २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश पाठ करतात. नोएडा किंवा गाझियाबादेत राहणारे मूल उत्तर प्रदेशात झोपते. गुरुग्राम वा फरिदाबादचे मूल हरियाणात, म्हणजे १९६६ पर्यंत जो पंजाब होता तेथे, झोपते. शाळेसाठी ते दिल्लीत येते आणि सुटीत आजोळी महाराष्ट्रात जाते. पिंक लाइनवरील दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस हे मेट्रो स्थानक अनेकांच्या रोजच्या वाटेवर आहे, आणि इंडिया इंटरनॅशनल सेंटरमधील सभागृहाला चिंतामणरावांचे नाव आहे. ही नावे कोणाची, असे मुलाने विचारले तर त्याच्या हाती भारताचा एक कोरा नकाशा द्यावा आणि त्यावर चार ठिपके काढायला सांगावेत.

पहिला ठिपका नाते. मुंबई इलाखा, मुंबई राज्य, द्वैभाषिक, महाराष्ट्र : राज्याची नावे बदलली, राजधानी मात्र मुंबईच राहिली, आणि जानेवारी १९५६ चा निर्णय टिकला असता तर तीही राहिली नसती. दुसरा ठिपका नागपूर. १९५६ पर्यंत एका मोठ्या राज्याची राजधानी, आणि आता महाराष्ट्राची उपराजधानी, जेथे दर हिवाळ्यात विधिमंडळाचे अधिवेशन भरते. तिसरा हैदराबाद. निजामाची राजधानी, मग हैदराबाद राज्याची, १९५६ पासून आंध्र प्रदेशाची आणि २०१४ पासून तेलंगणाची. चौथा ठिपका दिल्ली. १९१२ मध्ये पंजाबातून वेगळा काढलेला मुख्य आयुक्तांचा प्रांत, मग क वर्ग राज्य, १९५६ नंतर केंद्रशासित प्रदेश आणि आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्र. हे चार ठिपके जोडले की नकाशावर एक वेडीवाकडी रेषा उमटते. एवढी रेषा मुलाने स्वतःच्या हाताने ओढली, आणि प्रत्येक ठिपक्यापाशी तेथील माणसे कोणती भाषा बोलतात हे लिहिले, तर पुढे राज्ये आणि राजधान्या त्याला वेगळ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.